सत्तेचाळीस ओळी

पिनर,
रविवार, २४ फेब्रुवारी २००८

प्रिय मीनल,

‘प्रिय’ लिहिलं आणि पेन ठेवून चहा करायला उठले. परत आल्यावर खोडावं असं मनात आलं होतं, पण तुला दुसऱ्या कशाने सुरुवात करायची सवयच नाही, तेव्हा राहू दे. पंधरा दिवसांत तुझे सहा फोन आले. सहाही वेळा मोबाईल समोर टेबलावर वाजत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते. अतुल म्हणाला, उचल तरी, काय ते एकदाचं बोलून टाक. मी म्हटलं, बोलण्यात ती मला दोन मिनिटांत गुंडाळेल, मी आपली लिहीन. लिहिताना तुला मध्ये तोंड घालता येत नाही. आणि मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत लिहिलं तर मी काय म्हणतेय ते सोडून तू माझे ‘द’ आणि ‘अ’ दुरुस्त करत बसशील. तू ठेवलेले मेसेज मात्र मी सगळे ऐकले. त्यात तू जे मागते आहेस त्याचं उत्तर शेवटी देते. आधी तू माझं सगळं ऐकून घे.

आठ तारखेला मेडिकल स्कूलचं पत्र आलं. सहा मार्चच्या इंटरव्ह्यूची वेळ कळवणारं असेल म्हणून मी ते दारातच, कोट न काढता फोडलं. आत लिहिलं होतं की माझ्या पर्सनल स्टेटमेंटमधल्या पाच ओळी दुसऱ्या एका अर्जातल्या ओळींशी शब्दशः जुळतात, तो अर्ज माझ्या तीन आठवडे आधी आलेला आहे, तरी खुलासा करावा, तोवर इंटरव्ह्यू स्थगित. हल्ली म्हणे सगळी स्टेटमेंट्स कॉम्प्युटरवर ताडून बघतात. मीनल, मी चौतीस वर्षांची आहे. बायोकेमिस्ट्रीची एमएस्सी करून सहा वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवतेय. यंदा नाही जमलं तर हा नाद सोडायचा, असं मी अतुलला कबूल केलं होतं, हे तुला माहीत आहे. आणि त्या पत्रात मला सभ्य इंग्रजीत चोर म्हटलं होतं. तेव्हा मी काय केलं असेल? तुलाच फोन केला. पत्राचा टोन समजावून सांग म्हणून! हसू येतं का गं तुला? मला आता येतं.

हॅरोच्या लायब्ररीत आपण भेटलो ते आठव. पदवी झालेल्यांसाठी मेडिकलची जी गॅमसॅट परीक्षा असते, तिच्या एकाच पुस्तकासाठी आपण दोघींनी नंबर लावला होता. काउंटरवरच्या बाईंनी दोन मराठी आडनावं वाचून आपल्यालाच विचारलं, तुम्ही बहिणी का. तू दादरची, कॉन्व्हेंटची, इंग्लिश लिटरेचरची बीए. मी कराडची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. तुला केमिस्ट्रीच्या नावाने शहारे यायचे आणि मला त्या परीक्षेच्या पहिल्या भागातल्या उताऱ्यांनी. कविता काय, कुणाच्या आठवणी काय, व्यंगचित्रं काय, आणि खाली प्रश्न, लेखकाला काय म्हणायचंय. मला कसं माहीत असणार, मी काय त्याला विचारायला गेले होते? मग आपलं ठरलं. दर शनिवारी सकाळी स्टॅनमोरला तुझ्या किचनमध्ये बसायचं, पहिले दोन तास मी सायन्स शिकवणार, पुढचे दोन तास तू वाचायला शिकवणार. माहिती माझी, भाषा तुझी. सतीशनी आपल्याला ‘अर्धी अर्धी डॉक्टर’ असं नावही ठेवलं होतं.

ते शनिवार खोटे नव्हते, एवढं अजून मी धरून आहे. तुला बफर कळेना तेव्हा मी सांगितलं, हे बघ, तुझा सतीश म्हणजे बफर. आईकडून आम्ल ओता, बायकोकडून अल्कली ओता, माणूस आहे तिथेच. तू इतकी हसलीस की तो खालच्या खोलीतून विचारायला आला. आणि तो स्कर्व्हीचा उतारा? कुठल्याशा जहाजावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरने लिहिलं होतं की खलाशांच्या हिरड्या समुद्राच्या दमट हवेने सुजतात. प्रश्न होता, लेखकाच्या मते कारण काय. मी ठोकून दिलं, व्हिटॅमिन सी. तू म्हणालीस चूक. मी म्हटलं, चूक कशी, लेखकच चुकलाय! अर्धा तास मी त्या मेलेल्या डॉक्टरशी भांडत होते. शेवटी तू म्हणालीस, आसावरी, तुला जे येतं ते सगळं दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेव, कागदावर आहे तेवढंच वाच. त्या एका वाक्याने माझे मार्क वाढले, खरंच सांगते. आम्ही बोर्डाची पोरं. प्रश्नातला एक ओळखीचा शब्द दिसला की पाठ केलेलं पान ओकून मोकळी होणार. समोर काय लिहिलंय ते कोण वाचतंय!

दोन हजार सहाला तू सायन्समध्ये थोडक्यात गेलीस आणि मी उताऱ्यांत साफ आपटले. पुन्हा बसलो. गेल्या सप्टेंबरात परीक्षा झाली, दोघींनाही पेपर बरे गेले असं वाटलं, आणि मग ते पर्सनल स्टेटमेंट आलं. सत्तेचाळीस ओळींत सांगायचं, मला डॉक्टर का व्हायचंय. मी लिहून आणलं होतं त्यात बोर्डाचे मार्क, एमएस्सीचा क्लास, लॅबचा अनुभव, सगळं ओळीने मांडलं होतं. तू वाचलंस आणि कागद उलटा ठेवलास. म्हणालीस, हा बायोडेटा झाला, यात तू कुठेयस? मी चिडून म्हटलं, मग तुझं दाखव. तू दाखवलंस. भाषा काय सुंदर होती! आणि आत काहीच नव्हतं. तुझं तुलाच ते कळत होतं. तू म्हणालीस, माझ्या आयुष्यात काही घडलंच नाही गं, आईवडील धडधाकट, भाऊ शशी लेस्टरला डेंटिस्ट होऊन लोकांचे दात काढतोय, लग्न झालं, घर झालं, कशाचं लिहू. मला तेव्हा तुझी कीव आली होती. धडधाकट माणसं घरात असणं ही काय रडायची गोष्ट आहे, असं म्हणायला हवं होतं मी तुला. त्याऐवजी मी तुला सुयशचं सांगितलं.

तू कुणाला सांगणार नाहीस म्हणून नाही सांगितलं. सतरा वर्षं ते माझ्या पोटात होतं आणि समोर तू होतीस, म्हणून सांगितलं. बारावीच्या परीक्षा चालू होत्या. कराडचा मार्च, बाहेर रणरणतं ऊन. मी मधल्या खोलीत बायॉलॉजी घोकत होते आणि माझा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा, सारखा माझ्या मागून माठाकडे जायचा. पाणी प्यायचा, परसात जायचा, पुन्हा पाणी प्यायचा. तांब्याचा आवाज झाला की माझी लिंक तुटायची, मी त्याच्यावर खेकसायचे. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला होता त्याचा. मी काय घोकत होते? मधुमेहाची लक्षणं. पॉलियुरिया, पॉलिडिप्सिया, पॉलिफेजिया. पाढ्यांसारखे म्हणायचे मी ते शब्द, आणि तोही येताजाता माझ्याबरोबर म्हणायचा, चिडवायला. अकरावीपासून सायन्स इंग्रजीत होतं ना, त्या शब्दांचा अर्थ मला लिहिता येत होता, परीक्षकाला हवा तसा. तो अर्थ तांब्या हातात घेऊन माझ्या पाठीमागे उभा आहे हे दिसलं नाही. एका सकाळी तो उठेना. श्वास नुसता धापा टाकल्यासारखा. सिव्हिलमध्ये दुसऱ्या दिवशी गेला. चौथ्या दिवशी बाबांनी मला बायॉलॉजीच्या पेपरला बसवलं. शंभरात शहाण्णव मिळाले. तो प्रश्न त्या वर्षी आलाच नव्हता.

तू रडलीस तेव्हा. माझे दोन्ही हात धरून रडलीस. मग कागद ओढलास आणि मी मराठीत सांगितलेलं तू इंग्रजीत उतरवलंस, पाच ओळी. वाचून दाखवल्यास तेव्हा मला वाटलं, हे असंच होतं, मला कधी म्हणता आलं नसतं. आणि नंतर, चहा ओतताना, तू शांतपणे म्हणालीस की हे मात्र अर्जात घालू नकोस. का, तर ते फार खासगी आहे. शिवाय वाचणाऱ्याला वाटेल, जिला घरातला पेशंट दिसला नाही ती वॉर्डातला काय बघणार. मला पटलं! तू सांगितलंस आणि मला पटलं नाही असं दोन वर्षांत कधी झालं होतं? मी तो कागद पर्समध्ये घातला आणि घरी आले. तुझा अर्ज त्याच आठवड्यात गेला. माझा रेंगाळला. चौदा ऑक्टोबरला, मुदतीच्या आदल्या दिवशी, सगळं भरून झाल्यावर मी स्टेटमेंट वाचलं आणि ते पुन्हा बायोडेटाच वाटलं. अतुलने विचारलं, तुला खरंच कशासाठी व्हायचंय डॉक्टर. मी पर्समधून तो कागद काढला आणि पाच ओळी जशाच्या तशा टाइप केल्या. तुला सांगितलं नाही, कारण तू रागावशील असं वाटलं. बघ बाई, मी तुझ्या रागाला भीत होते.

म्हणजे आठ तारखेला तुला फोन केला तेव्हा मला खरंच कल्पना नव्हती. मी म्हणत होते, कुणीतरी कॉम्प्युटरमधून चोरलं असेल. लाइन कटली वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग म्हणालीस, तू इकडे ये. तुझ्या किचनमध्ये आपल्या त्याच टेबलावर तू तुझ्या स्टेटमेंटचा प्रिंटआउट माझ्यापुढे सरकवलास. तुलाही तसंच पत्र आलं होतं. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि मला कळलं. मधली खोली, माठ, मी घोकत असलेले शब्द, सगळं ‘माय लिटल ब्रदर’च्या खाली. तू घालू नकोस म्हणालीस ते माझ्या भल्यासाठी नव्हतंच. तुला ती जागा मोकळी हवी होती. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी आजवर नुसतं वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिलं होतं.

आणि वर तुझं बोलणं! तू म्हणालीस, वाक्यं तर माझीच आहेत, आसावरी, तुला एक तरी तशी लिहिता आली असती का. वाक्यं तुझी होती, कबूल. भाऊ माझा होता. तू म्हणालीस, मला वाटलं तू वापरणार नाहीस, मग वाया कशाला घालवायचं. वाया! फ्रिजमधली कालची भाजी होती का ती? मग रडणं, मग सतीशची शपथ, मग ती शहाणी युक्ती, की दोघींनी मिळून कळवू या, आम्ही एकत्र अभ्यास केला, नमुना म्हणून एक उतारा लिहिला आणि चुकून दोघींच्या अर्जात गेला. दोघीही वाचू. नमुना म्हणून! मी उठले ते माझी पर्स आणि तुझा प्रिंटआउट, दोन्ही घेऊन उठले. तू हात पुढे केलास, मी दिला नाही. आयत्या बिळावर नागोबा होऊन तू बसलीस, ते एक वेळ मी सोसलं असतं. पण मला त्या बिळातून बाहेर काढायला तूच गोड बोलून सांगितलंस, ते नाही सोसवत.

खुलाशात पुरावा हवा होता, म्हणजे सुयशच्या मृत्यूचा दाखला. तो बाबांकडे कराडला. गेल्या रविवारी दुपारी त्यांना फोन केला. कशाला हवाय, ते विचारणारच. मला खोटं सुचलं होतं, पण ते सांगितलं नाही. त्यांना मी कधीच सांगितलं नव्हतं की मी काय घोकत होते. मनात होतं, डॉक्टर होईन, समोर बसेन, पाया पडेन आणि सांगेन. मीनल, ते मला कॉलिंग कार्डावर, किती मिनिटं उरलीत ते रेकॉर्ड केलेली बाई मध्येच सांगत असताना सांगावं लागलं, तुझ्यामुळे. बाबा म्हणाले, माठ रोज मीच भरत होतो, आसा. एकदा भरायचा तो त्या पंधरवड्यात दोनदा भरावा लागत होता. मला वाटलं, ऊन वाढलंय. आणि बहात्तर वर्षांचा माणूस दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत जाऊन, तिथल्या मुलाकडून दाखला स्कॅन करून पाठवता झाला. ईमेलमध्ये एक ओळ होती, इंटरव्ह्यूला नीट बोल. तो दाखला, त्याचं भाषांतर आणि सगळी हकिगत मी काल शनिवारी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. पाच ओळी माझ्या सांगण्यावरून तू लिहिल्यास हेही त्यात आहे, आणि तुझं नाव आहे. घातलं नाही असं सांगून तुला खोटा धीर देणार नाही. त्यांनी मला बोलावलं तर जाईन. नाही बोलावलं तर सोमवारी सकाळी लॅबमध्ये असेनच. तुझं काय होईल ते मला माहीत नाही आणि त्याचा आनंदही होत नाहीये, याचा मला राग येतोय.

आता तुझ्या मेसेजचं. सहाही वेळा तू एकच मागते आहेस, तो प्रिंटआउट परत दे. तो शशीच्या हाती पडेल, मराठी मंडळात फिरेल अशी तुला भीती आहे. तसलं काही मी करणार नाही, निश्चिंत राहा. मेडिकल स्कूललाही जोडला नाही, त्यांच्याकडे तो आहेच. पण तुला तो मिळणार नाही, आणि का मिळणार नाही एवढं सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं. तुझ्याकडे मी दोनच ओळी वाचल्या होत्या, बाकीचा कागद घरी येताना ट्यूबमध्ये वाचला. वेम्बली पार्कला गाडी बदलायची होती ती बदललीच नाही, बेकर स्ट्रीटपर्यंत गेले. तुझ्या कागदावर त्या पाच ओळींच्या पुढे ती मुलगी तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटते. भावाला जवळ बसवते, कधीपासून एवढी तहान लागतेय विचारते, वडिलांना उठवते, त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेते. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलंत. आणि खालच्या ओळीत तो सव्वीस वर्षांचा आहे, इंजिनिअर आहे, स्वतःचं इन्सुलिन स्वतः टोचून घेतो आणि बहिणीला अजून ते तीन शब्द म्हणून चिडवतो. खोटारडे, तुला हे कसं सुचलं? सतरा वर्षांत मी त्याला एकदाही दहाचा होऊ दिला नव्हता. मी तो कागद रोज वाचते, मीनल. म्हणून तो माझ्याकडेच राहील.

जी तुझी होती,
ती आसावरी